एक माठ, दोन तापमापक आणि विज्ञान प्रदर्शन



दिवाळीची सुट्टी संपते, शाळा पुन्हा सुरू होते आणि एके दिवशी सूचनाफलकावर कागद लागतो : तालुका विज्ञान प्रदर्शनात भाग घेऊ इच्छिणाऱ्यांनी विज्ञान शिक्षकांना भेटावे. मग एकच धांदल उडते. कोणी थर्मोकोल आणायला धावतो, कोणी मोठ्या भावाला गाठतो, कोणी गेल्या वर्षीची पवनचक्की माळ्यावरून खाली काढून तिला नवा रंग देतो. आठ दिवसांत ‘प्रकल्प’ तयार होतो. प्रदर्शन संपते आणि प्रकल्प पुन्हा माळ्यावर जातो.

या धांदलीत एक प्रश्न विचारायचा मात्र राहून जातो. या सगळ्यातून आपल्याला नवीन काय समजले? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर श्रम आणि पैसे दोन्ही वाया गेले असे म्हणावे लागेल. म्हणून या लेखात आपण एक प्रकल्प पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा करून पाहू. त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू बहुतेकांच्या घरी असते : पाण्याचा माठ.

प्रदर्शनाची परंपरा

शाळकरी मुलांची विज्ञान प्रदर्शने ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेत न्यू यॉर्क शहरातील ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट’ या संस्थेने १९२८ साली मुलांचा विज्ञान मेळावा भरवला. १९५० साली फिलाडेल्फिया येथे त्या देशातील पहिला राष्ट्रीय मेळावा झाला. त्यात ठिकठिकाणच्या प्रादेशिक मेळाव्यांतून निवडलेले ३० विद्यार्थी होते. आपल्याकडे मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवरचे पहिले विज्ञान प्रदर्शन १९७१ साली दिल्लीत भरले. ‘एनसीईआरटी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद या कामात पुढे असते. महाराष्ट्रात शाळा, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या चढत प्रकल्प वर जातो. विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांसाठी आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांसाठीही वेगळे विभाग असतात.

प्रदर्शनात येणाऱ्या वस्तूंचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला, प्रतिकृती : हृदय, ज्वालामुखी, धरण. दुसरा, साधन : काही काम करणारे यंत्र किंवा उपकरण. तिसरा, शोध : एखादा प्रश्न घेऊन, मोजमापे करून काढलेले उत्तर. पहिल्या दोहोंनाही मोल आहे. चांगली प्रतिकृती पाहून अवघड गोष्ट चटकन समजते. परंतु तिसऱ्या प्रकाराचे प्रकल्प फार थोडे दिसतात आणि शास्त्रज्ञ जे काम करतात त्याच्या सर्वांत जवळचा प्रकार तोच आहे. शिवाय त्याला खर्च सर्वांत कमी येतो. आपला माठ या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

प्रश्न कसा विचारावा?

‘माठात पाणी गार का होते?’ हा प्रकल्पाचा प्रश्न होऊ शकत नाही, कारण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेले आहे. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येते व त्याचे बाष्पीभवन होते. पाण्याच्या रेणूंपैकी जे अधिक वेगवान, ते आधी निसटून जातात. मागे राहिलेल्या रेणूंची सरासरी ऊर्जा कमी होते, म्हणजेच पाणी थंड होते. हे आपल्याला ठाऊक आहे.

आता प्रश्न थोडा वळवून पाहा. ‘आमच्या गावात माठ पाण्याचे तापमान किती अंशांनी उतरवतो? दररोज सारखेच उतरवतो की कमीजास्त? कमीजास्त होत असेल, तर ते कशावर अवलंबून असते?’ याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने तुमच्या गावात, तुमच्या ओसरीवर, या वर्षीच्या चैत्र-वैशाखात तापमापक लावलेला नव्हता. ते उत्तर तुम्हीच काढू शकता. प्रकल्पाचा प्रश्न असा असावा : आपल्या आवाक्यातला, मोजता येण्यासारखा आणि ज्याचे उत्तर आधी माहीत नाही असा.

प्रयोगाची मांडणी

एकाच कुंभाराकडून, एकाच भट्टीतून निघालेले, सारख्या आकाराचे दोन छोटे माठ आणा. प्रत्येकात सुमारे पाच लीटर पाणी मावावे. एका माठाला बाहेरून, बुडासकट, तैलरंगाचे दोन हात द्या आणि तो दोन-तीन दिवस चांगला वाळू द्या. याची छिद्रे आता बुजली. दुसरा माठ आहे तसाच ठेवा. दोन्ही माठ सावलीत, ओसरीवर, हातभर अंतरावर आणि सारख्याच तिवईवर ठेवा. दोन्हींवर जाड पुठ्ठ्याची सारखी झाकणे ठेवा व झाकणाला छिद्र पाडून तापमापक असा अडकवा, की त्याचा फुगा पाण्याच्या मध्यभागी राहील. या माठांतले पाणी मात्र पिऊ नका.

रंगवलेला माठ कशाला, असे तुम्ही विचाराल. समजा, दुपारी दोन वाजता हवेचे तापमान ३९ अंश सेल्सिअस आहे आणि साध्या माठातले पाणी २६ अंशांवर आहे. तुम्ही लिहिणार, ‘बाष्पीभवनामुळे पाणी १३ अंशांनी गार झाले.’ पण रंगवलेल्या माठात तापमापक पाहिला आणि त्यात ३३ अंश दिसले तर? त्या माठातून तर पाणी पाझरतच नाही! तरीही ते हवेपेक्षा सहा अंशांनी गार आहे, कारण रात्री थंड झालेले पाच लीटर पाणी सावकाश तापते. हवेइतक्या झपाट्याने तापत नाही. म्हणजे १३ अंशांपैकी सहा अंश या सावकाशपणाचे आणि सातच अंश बाष्पीभवनाचे. दुसरा माठ नसता, तर हे कधीच कळले नसते. ज्या एका गोष्टीचा परिणाम पाहायचा तेवढीच वेगळी ठेवून बाकी सर्व सारखे ठेवायचे, हा प्रयोगाचा प्राण होय.

आता हवेकडे वळू. हवा किती कोरडी आहे हे मोजण्यासाठी आणखी दोन तापमापक भिंतीजवळ, सावलीत टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची पातळ चिंधी गुंडाळा व तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. हा झाला ओल्या फुग्याचा तापमापक. दुसरा कोरडाच ठेवा. वाचन घेण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे पुठ्ठ्याने वारा घाला. हवा कोरडी असेल तर ओल्या फुग्यावरून बाष्पीभवन जोरात होते व त्याचा पारा बराच खाली येतो. हवा दमट असेल तर दोन्ही पारे जवळजवळ राहतात. दोहोंतील फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी.

आणखी तीन गोष्टी सांभाळा. प्रयोगापूर्वी चारही तापमापक एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून पाहा. शाळेतले तापमापक एकमेकांशी अर्धा-एक अंश भांडतात. तो फरक वहीत लिहून ठेवा आणि पुढे हिशेबात धरा. वाचन घेताना डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवा. आणि साध्या माठाच्या गळ्यावर आतून खूण करून रोज सकाळी सात वाजता मोजपात्राने त्या खुणेपर्यंत पाणी भरा. किती भरावे लागले, तितके पाणी कालच्या दिवसात उडून गेले.

सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशी वाचने निदान पंधरा दिवस घ्या. एका दिवसाच्या वाचनावरून निष्कर्ष काढणे म्हणजे एका चेंडूवरून फलंदाजाची परीक्षा करणे.

वही हीच मुख्य वस्तू

वाचने शाईने लिहा. चुकीचे लिहिले गेले तर खोडरबर वापरू नका; एक आडवी रेघ मारा आणि शेजारी दुरुस्त आकडा लिहा. एखाद्या दिवशी मांजराने वाटी सांडली, कोणी माठ उन्हात सरकवला, पाहुणे आले म्हणून दुपारचे वाचन राहिले, तर तेही लिहा. राहिलेला आकडा अंदाजाने भरू नका. रिकामी चौकट लाजिरवाणी नसते. मनाने भरलेली चौकट मात्र सबंध वहीवरचा विश्वास घालवते.

येथे कालगणनेचाही विचार करावयास हवा. प्रदर्शने बहुधा हिवाळ्यात भरतात, माठाचे खरे काम मात्र उन्हाळ्यात असते. म्हणजे सूचनाफलकावर कागद लागेपर्यंत थांबून चालणार नाही. वही एप्रिलमध्ये उघडावी, पावसाळ्यात जुलैमध्ये पुन्हा पंधरा दिवस वाचने घ्यावीत आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिसऱ्यांदा. जुलैत कदाचित दोन्ही माठांत फरकच दिसणार नाही. निराश होऊ नका. ‘फरक दिसला नाही’ हे देखील उत्तरच आहे आणि ते एप्रिलच्या उत्तराला अर्थ देते.

एक चक्रावणारा हिशेब

साधारण ३० अंश तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तुमच्या पुस्तकातला ५४० हा आकडा उकळत्या पाण्यासाठी, म्हणजे १०० अंशांसाठी असतो. या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. आता समजा, माठात ५,००० ग्रॅम पाणी आहे आणि त्यातले ५० ग्रॅम उडून गेले. त्यासाठी ५० × ५८० = २९,००० कॅलरी लागल्या. त्या उरलेल्या पाण्यातूनच गेल्या असे मानले, तर २९,००० ÷ ५,००० = ५.८. म्हणजे पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार व्हावे. पन्नास ग्रॅम पाणी म्हणजे चार-पाच मोठे चमचे! एवढ्याशा पाण्याची ही किमया आहे.

पण आता दुसरा हिशेब करा. कडक उन्हाळ्यात मोजपात्राने सकाळी अर्धा लीटर पाणी भरावे लागले असे समजू. ५०० × ५८० = २,९०,००० कॅलरी. भागिले ५,००० केले, की येतात ५८ अंश! म्हणजे ३८ अंशांचे पाणी गोठून त्याचा बर्फ व्हायला हवा. तसे तर होत नाही. मग हिशेब कोठे चुकला?

गुणाकार-भागाकार बरोबर आहेत; गृहीत चुकले आहे. सर्व उष्णता पाण्यातूनच गेली असे आपण मानले. पण पाणी हवेपेक्षा गार होताच भोवतालची गरम हवा, भिंती आणि जमीन माठाला उष्णता देऊ लागतात. पाणी जितके अधिक गार, तितकी बाहेरून येणारी उष्णता अधिक. शेवटी अशी एक वेळ येते, की बाष्पीभवनाने जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच बाहेरून आत येते. मग तापमान तेथेच स्थिरावते. त्यानंतर उडणारे पाणी माठाला आणखी थंड करत नाही. आत शिरणारी उष्णता बाहेर घालवण्याचे काम करत राहते. उंदीर मारून थकलेल्या मांजरासारखा माठ स्वस्थ बसलेला दिसतो, पण त्याचे काम अखंड चालूच असते.

हे स्थिर तापमान किती खाली जाऊ शकेल? ओल्या फुग्याचा तापमापक जे तापमान दाखवतो, ते जवळजवळ त्याची खालची मर्यादा असते. माठ म्हणजे एक मोठा ओला फुगाच नव्हे का?

नागपूरचा माठ आणि रत्नागिरीचा माठ

येथे आपल्या प्रकल्पाला खरा रंग चढतो. हवेचे तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचा पारा सुमारे २३ अंशांवर येतो. म्हणजे माठाला उतरायला १५ अंशांची जागा आहे. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ओला फुगा २८ अंशांच्या आसपासच थांबतो. जागा फक्त चार अंशांची! पहिली हवा विदर्भातल्या उन्हाळ्याची, दुसरी कोकण किनाऱ्याची. वाळ्याच्या ताट्यांचे कूलर नागपुरात घरोघर दिसतात आणि मुंबईत त्यांचा उपयोग होत नाही, याचे कारणही हेच.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर कोरड्या व ओल्या फुग्यांतील फरक घ्या; उभ्या अक्षावर दोन माठांतील पाण्याच्या तापमानांतील फरक घ्या. दुपारच्या प्रत्येक वाचनाचा एक ठिपका मांडा. ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेले दिसले, तर हवेचा कोरडेपणा आणि माठाचा गारवा यांचा संबंध तुम्ही स्वतः दाखवून दिला.

पण एकट्या गावाचे ठिपके आलेखाच्या एका कोपऱ्यातच गर्दी करतील. रत्नागिरीच्या मुलांजवळ डावीकडचे ठिपके, नागपूरच्या मुलांजवळ उजवीकडचे, पुण्याच्या मुलांजवळ मधले. पूर्ण रेषा कोणा एकाजवळ नाही. ती केव्हा दिसेल? सर्वांच्या वह्या एका टेबलावर आल्या तर! जिल्ह्यांच्या व राज्यांच्या सीमा ओलांडून भरणाऱ्या प्रादेशिक मेळाव्याचा खरा उपयोग हा आहे. आपण तेथे क्रमांकासाठी जातो, शेजारच्या टेबलावरचा मुलगा आपला प्रतिस्पर्धी आहे असे समजतो आणि दिवसभर आपल्याच टेबलाशी उभे राहतो. प्रत्यक्षात आपल्या आलेखातला हरवलेला तुकडा कदाचित त्याच्याजवळ असतो. मेळाव्यात दोन तास तरी आपल्या सोबत्याला टेबलाशी ठेवून वही-पेन्सिल घेऊन फिरा.

या विषयात उपयोगी काम करायला पुष्कळ वाव आहे. नायजेरियातील महंमद बाह अब्बा या शिक्षकाने एका माठात दुसरा माठ ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरण्याची जुनी युक्ती भाजी टिकवण्यासाठी वापरली आणि ती खेडोपाडी नेली. त्याबद्दल त्यांना २००० सालचा रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्या शेजारच्या गुजरातेत वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती या कुंभारकाम जाणणाऱ्या कारागिराने २००१ च्या भूकंपानंतर विजेवाचून चालणारे मातीचे शीतकपाट तयार केले. दोघांनीही ओळखीच्या मातीकडेच नव्याने पाहिले.

परीक्षकांसमोर

मांडणी साधी ठेवा. मधोमध आलेख, एका बाजूला दोन माठ, दुसऱ्या बाजूला दोन तापमापक व पुठ्ठा, आणि समोर उघडी वही. ओल्या फुग्याला वारा घालून पारा उतरताना दाखवा. पाच मिनिटांत पाहणाऱ्याला विषय कळतो. पाठ केलेले भाषण नको. संभाषण साधारण असे व्हावे :

परीक्षक : या आलेखात हा एक ठिपका इतका खाली कसा?

विद्यार्थिनी : सर, तो २२ एप्रिलचा. त्या दिवशी वारा अगदी पडला होता असे वहीत लिहिले आहे. वाऱ्यामुळे फरक पडत असावा असे मला वाटते, पण मी वारा मोजलेला नाही.

परीक्षक : मग तो ठिपका काढून का टाकला नाहीस?

विद्यार्थिनी : वाचन बरोबर घेतले होते, सर. आवडले नाही म्हणून कसे काढणार?

‘मोजलेले नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. जाणता परीक्षक अशा उत्तराने खूश होतो. एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांत सर्जनशीलता व कल्पकता यांना शंभरात वीस गुण आणि सादरीकरणाला दहा गुण असे प्रमाण दिलेले आढळते. चकचकीत कागद आणि रंगीत दिवे यांच्यावर किती वेळ घालवायचा, हे त्यावरून तुम्हीच ठरवा.

शिक्षकांसाठी थोडेसे

विज्ञान शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. वेळ थोडा, वर्ग मोठे आणि शाळेचे नाव राखण्याची चिंता. त्यातून तयार प्रतिकृती विकत आणण्याचा किंवा प्रकल्प स्वतःच करून देण्याचा मोह होतो. परंतु ज्या मुलाच्या हातात दुसऱ्याने केलेली वस्तू देऊन आपण त्याला उभे करतो, ते मूल एक गोष्ट नक्की शिकते : विज्ञान म्हणजे दुसऱ्याचे पाठ करून बोलणे. ही शिकवण बक्षिसापेक्षा जास्त काळ टिकते. त्याऐवजी वर्गातल्या चार-चार मुलांच्या गटांना दोन माठ व एक वही द्यावी, आठवड्यातून एकदा वहीवर सही करावी आणि ‘हे तुला कसे कळले?’ एवढाच प्रश्न विचारावा. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तेथेही हे होऊ शकते.

करून पाहा

१. नवा माठ आणि दोन वर्षे वापरलेला माठ यांत फरक पडतो का? जुन्या माठावरच्या पांढऱ्या थराचा त्याच्याशी काही संबंध असेल का?

२. माठाभोवती ओले गोणपाट गुंडाळल्यास पाणी अधिक गार होते का? रंगवलेल्या माठाला गुंडाळले तर?

३. माठ तिवईवर, जमिनीवर आणि ओल्या वाळूवर ठेवून तुलना करा.

४. खिडकीत वाऱ्याला ठेवलेला माठ आणि कोनाड्यात ठेवलेला माठ यांतून एका दिवसात किती पाणी उडते? ज्यातून जास्त उडते तोच अधिक गार असतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्याआधी तो चक्रावणारा हिशेब पुन्हा एकदा वाचा.